चालू यंत्राची पूजा

केदारनाथ एका जागी बसलेला माजलगावात कुणी पाहिला असेल तर तो एकाच ठिकाणी, मॅकसमोर. एरवी पोराच्या पायाला भिंगरी. जेवता जेवता उठायचा, बोलता बोलता रस्त्याच्या पलीकडे जायचा, आणि औरंगाबादला इंजिनिअरिंगला घातला तर तिथूनही दोन विषय मागे ठेवून उठून आला. ते विषय सोडवायला पुढच्या महिन्यात जातो, पुढच्या महिन्यात जातो, असं म्हणता म्हणता वर्ष सरलं. वडील महारुद्रअप्पा आल्यागेल्याला सांगायचे, धाकटा सध्या प्रेस बघतो. प्रेस बघायचा थोरला, अमरनाथ. धाकटा प्रेसमधलं एकच यंत्र बघायचा, आणि त्यावरही प्रेसचं काम सोडून बाकी सगळं करायचा.

ते यंत्र म्हणजे पुण्यातली एक जाहिरात कंपनी बुडाली तेव्हा उचलून आणलेला आयमॅक कॉम्प्युटर. आरपार दिसणाऱ्या निळ्या प्लास्टिकचा, पाठीत फुगलेला, वर उचलायला मूठ. जुन्या मोंढ्यातल्या या ऑफसेट प्रेसमध्ये तो आला तेव्हा लोक मुद्दाम बघायला आले होते. केदारची आई शांतादेवी तर पहिल्याच दिवशी त्याला निळकंठ म्हणाली आणि रोज सकाळी पदरानं पुसू लागली. घरातल्या बाकीच्यांचं कौतुक मात्र लवकर आटलं. गिऱ्हाइकं फ्लॉपी घेऊन यायची आणि या शहाण्याला फ्लॉपी घालायला जागाच नव्हती. दुसरीकडून आणलेल्या मजकुरात मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे. तेलगावच्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या मामांच्या जागी चार चौकोन छापून गेले, मामा रुसले, लग्नाला आले नाहीत, आणि त्या दिवशी अमरनाथनं हात टेकले. विंडोजचा नवा कॉम्प्युटर घ्यायचा, बीडचा सुग्रीव तो घेऊन येईल आणि बदल्यात मॅक घेऊन जाईल, असं ठरलं. त्या साली, म्हणजे दोन हजार एकमध्ये, आश्विन अधिक आला होता. अधिकात नवी वस्तू घरात आणायची नाही, म्हणून सगळे दसऱ्यापर्यंत थांबले. केदारला वाटलं, देवानं आपल्यासाठीच पंचांगात एक महिना जास्तीचा घातला.

कारण त्याला त्या यंत्रावर एक काम पुरं करायचं होतं, आणि ते काय आहे हे घरात कुणालाही सांगून पटलं नसतं. आपण प्रयत्न करू.

हॉस्टेलात त्याला लिनक्सचं, म्हणजे जगभरातल्या हौशींनी मिळून घडवलेल्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं, वेड लागलं होतं. लिनक्समध्ये पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम असतो. त्याचं काम लग्नघरातल्या कोठीवाल्याचं. आचाऱ्यानं नुसतं 'बुंदी' म्हणायचं. बेसन, साखर, तूप, झारा, कढई कुठून आणायची ते कोठीवाला बघतो. एका प्रोग्रामला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. तो सगळे क्रमानं आणतो, कोणतं भांडं कुणाच्या घरचं ते लक्षात ठेवतो, आणि नको झालं की ज्याचं त्याला परत करतो. मॅकवाल्यांकडं असा कोठीवाला नव्हता. पण मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिच्या पोटात युनिक्स निघालं, लिनक्सचं चुलत घराणंच. मग जगभरातल्या काही उचापतखोरांनी ठरवलं की लिनक्सचा कोठीवाला उचलून मॅकच्या घरात नेऊन बसवायचा. ना कुणी सांगितलं होतं, ना कुणी पगार देणार होतं. ईमेलची एक यादी होती, तिच्यावर एकानं लिहिलं की सगळ्यांना जायचं. त्या यादीत केदारनाथ, मुक्काम माजलगाव.

परक्या घरात कोठीवाला पार गांगरला. इथं सामानाच्या खोल्या वेगळ्या, डब्यांवरच्या खुणा वेगळ्या. सुरुवातीला तो मॅकच्या स्वतःच्या फायली आपल्या समजून उचलायचा आणि यंत्र सकाळी उठायचंच नाही. शेवटी त्याला बाजूला एक वेगळा फोल्डर बांधून दिला आणि बजावलं, जे मांडायचं ते इथं मांड, घरच्या भांड्यांना हात लावू नको. तेव्हा कुठं त्याचं बस्तान बसलं. आता एकच अवघड गोष्ट उरली होती. या मॅनेजरची नवी आवृत्ती आली की ती बसवणारही तोच. म्हणजे जुन्यानं आपल्या जागेवर नव्याला बसवायचं आणि त्या बसवण्यातच स्वतः नाहीसं व्हायचं. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, आणि तरी खाली पडायचं नाही. ताकदवान यंत्रांवर हे जमत होतं. केदारच्यासारख्या कमी मेमरीच्या यंत्रावर जमतं का, हे बघायला यादीवर केदारशिवाय कुणी नव्हतं.

यादीचा कारभारी कुठल्याशा थंड देशातला होता. त्यानं सगळ्यांना लिहिलं, की येत्या सोमवारी आपण हे जगासाठी खुलं करू, पण जुन्या यंत्रावरचा होकार केदारनाथकडून येऊ द्या, तोवर थांबू. केदारनं ती ईमेल किती वेळा वाचली त्याला गणती नाही. आजवर गाडी त्याच्यासाठी थांबली नव्हती, परीक्षा थांबली नव्हती, ताटावर घरचेही थांबत नव्हते. कुठले कुठले लोक आपल्यासाठी थांबलेत, या गोष्टीनं त्याला उभ्या उभ्या गुदगुल्या व्हायच्या.

अशात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, तसं प्रेसवाल्याचं ऑफसेट मशीन, कागद कापायचं कटिंग मशीन, आणि आता हा निळकंठ. या घरची शिस्त कडक होती. सकाळी जंगम स्वामी येणार, शांतादेवी प्रत्येक यंत्राला विभूतीचे तीन पट्टे ओढणार, बेल वाहणार, झेंडूचा हार घालणार, आणि तिथून पुढं दसऱ्याच्या सकाळची पूजा होईस्तोवर यंत्राला कुणी बोट लावायचं नाही. मागं एकदा एका पुढाऱ्याच्या पत्रकांसाठी नवमीलाच कटिंग मशीन चालवलं होतं आणि कामगाराचं बोट गेलं होतं. तेव्हापासून महारुद्रअप्पांनी हा नियम धरला तो धरलाच. पुढारी सोडा, साखर कारखान्याच्या बॉयलर पेटवण्याच्या पत्रिका अडल्या तरी ते हलत नसत.

केदारनं काम पहाटेच लावून दिलं होतं. नवी आवृत्ती मूळ कोडपासून घडवायची, तिचं पॅकेज बांधायचं आणि मग ती बसवायची, हे सगळं एका दमात आपोआप होणार होतं. स्वामी यायच्या आत उरकेल असा त्याचा हिशेब. पण हिशेब त्याचा होता, यंत्राचा नव्हता. मध्ये एक चूक निघाली, ती दुरुस्त करून पहिल्यापासून लावावं लागलं, आणि स्वामींच्या खडावा दारात वाजल्या तेव्हा काम निम्म्यावरही आलं नव्हतं. बंद करावं तर सगळं वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा, आणि पाठोपाठ सुग्रीवची जीप. मध्ये वेळच नव्हता.

मग त्यानं काम चालूच ठेवलं. पडदा काळा केला, बाजूचा दिवा चालू असलेला दिसू नये म्हणून त्यावर पत्रिकेचा तुकडा चिकटवला आणि मागं सरून उभा राहिला. या मॅकला पंखा नसतो. आतून तो राबत असला तरी बाहेर आवाज येत नाही. बघणाऱ्याला वाटावं, शांत झोपलाय.

स्वामींनी मंत्र म्हटले. शांतादेवी एकेक यंत्र पुजत आली. निळकंठाच्या कपाळावर तिनं सावकाश तीन बोटं ओढली, बेल ठेवला, आणि मग बाकीच्या यंत्रांच्या दुप्पट जाड हार परडीतून काढला. उद्या हा जाणार हे तिला ठाऊक होतं. तिनं तो स्वतः ओवला होता, पाणी शिंपडून ताजा ठेवला होता. मुठीभोवती एक वेढा, मग वरच्या बारीक भोकांवर दुसरा, आणि उरलेली सुटी फुलं त्याच्यावर ओंजळीनं.

ती भोकं म्हणजे त्या यंत्राचं नाक. पंखा नसल्यामुळं आतली सगळी गरम हवा तिथूनच वर जायची. केदारचा जीव खालीवर झाला, पण बोलणार काय? बंद यंत्राला हाराचा त्रास होतो, असं कुणी म्हटलंय कधी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तो दिवस केदारनं कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. पूजा झाल्यावर अप्पा प्रेसच्या दारातच खुर्ची टाकून बसले. नवमीला ते तिथंच बसायचे, येणाऱ्याला प्रसाद द्यायचे आणि काम घेऊन आलेल्याला परत पाठवायचे. केदार दोनदा आत डोकावला. तिसऱ्यांदा अप्पांनी विचारलं, काय सांडलंय का तुझं आत. तो म्हणाला, हार वाकडा झालाय, जरा सरळ करतो. अप्पा म्हणाले, पूजेला हात लावायचा न्हाई. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं अप्पांना कळलंच. तो बाहेर पडला आणि मोंढ्याला चक्कर मारून आला. पुन्हा पडला आणि सिंदफणेच्या पुलापर्यंत गेला. शिरूर कासारकडून ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक येत होते, पुढच्या काचेला झेंडू बांधलेले, वर भांडी, बाजा, शेळ्या आणि माणसं. एरवी तो ते बघत उभा राहिला असता. आज त्याला नुसते झेंडू दिसत होते. परत आला, मागच्या खिडकीतून पाहिलं, काळा पडदा, पिवळा ढीग. कान लावला तर काही ऐकू येईना. चालू असलं तरी ऐकू येणार नव्हतं आणि बंद पडलं तरी येणार नव्हतं, ही तर खरी गंमत. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तो बसला, उठला, हात धुतले आणि मग लक्षात आलं की जेवलाच नाही.

दसऱ्याच्या सकाळी स्वामी आले, पूजा उतरवली आणि मॅकपाशी पहिला गेला अमरनाथ. सुग्रीवला चालू करून दाखवावं म्हणून त्यानं कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. हार उचलला तर खालची फुलं काळी-तपकिरी पडून भोकांना चिकटलेली, आणि वास असा की कुणी झेंडूची भाजी केलीय. यंत्र मात्र गार होतं. रात्रीत कधीतरी तापून अडकलं, बंद पडलं आणि निवलं, हे केदारला बघताक्षणी कळलं. अमरनाथला वेगळंच कळलं. ओल्या हाराचं पाणी आत गळलं आणि आतलं सगळं जळलं, असा त्यानं निकाल दिला.

तेवढ्यात सुग्रीव आला. हा बीडचा व्यापारी, बोलायला गोड पण सौद्याला पक्का. त्यानं वाकून वास घेतला, कळ दाबून पाहिली, आणि म्हणाला की मेलेलं जनावर आपण दावणीला घेत नाही. नवा कॉम्प्युटर तेवढा उतरवतो, बदल्याचं पुढं बघू. महारुद्रअप्पांचा चेहरा उतरला आणि तो राग जिथं नेहमी जातो तिथंच गेला. स्वामींसमोर, सुग्रीवसमोर ते बायकोला बोलले. एवढा हार कशाला लागतो, लग्न व्हतं का त्याचं, तीस वर्षं पूजा करती आन यंत्रावर पाणी सांडू नये हे समजत न्हाई का. अमरनाथनंही री ओढली. शांतादेवी हातातलं ताट घेऊन उभी होती. तिनं काळी पडलेली फुलं पाहिली, स्वतःचे हात पाहिले, आणि ती आत गेली.

आणि केदार? केदारला देव पावला होता. मेलेलं यंत्र सुग्रीव नेणार नाही. अमरनाथ वैतागून म्हणालाच, राहू दे ते मागच्या खोलीत, केदारला खेळायला होईल. म्हणजे ते राहणार, सोमवारपर्यंत काय, कायमचंच. आणि ते मेलेलं नव्हतं. वायर काढायची, जरा वेळ द्यायचा, बाजूच्या झाकणामागं सुईच्या टोकाएवढं भोक आहे त्यात टाचणी खुपसायची, की उठून बसतं. असं त्यानं पूर्वी कितीदा केलं होतं. हे या घरात त्याच्या एकट्याला ठाऊक होतं. त्यानं फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, आणि तोंड मिटायला कष्ट पडत नाहीत.

तो उभा राहिला. नव्या कॉम्प्युटरची खोकी उतरली. अमरनाथची बायको रुचिका हिनं पाट मांडला, रांगोळी काढली. मुहूर्त जवळ आला तशी अप्पांनी आतल्या बाजूला हाक दिली, की पूजेला या. शांतादेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. ताट तिनं सुनेच्या हातात दिलं.

"रुचिकाला लावू द्या," ती म्हणाली. "माझ्या हाताला यश न्हाई."

रडत नव्हती. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. या घरात लग्न होऊन आल्यापासून एकाही यंत्राची पूजा तिच्याशिवाय झाली नव्हती. बोट गेलेल्या त्या कामगारालाही पुढच्या नवमीला मशीनसमोर उभं करून तिनंच त्याच्या हातानं फूल वाहवलं होतं. आणि आज ती उंबऱ्यावर उभी राहून सुनेला ताट देत होती. जास्त बोललो हे अप्पांना कळलं होतं, पण मागं घ्यायची सवय नव्हती.

केदार दारातून रस्त्यावर गेला. परत आला. पुन्हा गेला. यादीवरचे लोक थांबलेत, त्याच्या मनात आलं. मग मनात आलं की त्या लोकांनी आईला पाहिलेलं नाही, आपण पाहतोय. पाय स्वस्थ राहीनात आणि कुठं जावं तेही कळेना. शेवटी ते त्याला जिथं घेऊन गेले तिथं तो गेला. टेबलावरच्या डबीतली टाचणी घेतली, मॅकची वायर काढून पुन्हा जोडली, बाजूचं झाकण उघडलं, टाचणी खुपसली आणि कळ दाबली. निळकंठानं आपला तो भरदार सूर काढला, घंटेवर एकच टोला पडावा तसा. सगळ्यांनी माना वळवल्या.

"काल मी त्याला बंद केलंच नव्हतं," केदार म्हणाला. "आत काम चालू व्हतं. बंद असतं तर हारानं काहीच झालं नसतं. आईच्या हातानं काही झालं न्हाई."

सुग्रीवला पहिला आनंद झाला. म्हणाला, मग घ्या की उचलून जीपमध्ये. अमरनाथनं शिवी दिली. अप्पा खुर्चीवरून उठले, हात उचलल्यासारखा वाटला, पण सणाचा दिवस, समोर स्वामी. हात खाली आला. शांतादेवी मात्र उंबऱ्यावरून उतरून सरळ केदारच्या समोर आली. नियम मोडल्याचं, पूजा बाटवल्याचं तिनं काही काढलं नाही.

"मग सकाळपासनं गप कावून बसलास?" तिनं विचारलं. "हे मला बोलत व्हते तवा?"

"ते यंत्र माझ्यापाशी ऱ्हायलं असतं," केदार म्हणाला. खरं तेच होतं, आणि खरं बोलताना त्याला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. तोवर वाटली नव्हती.

ती आत गेली. अप्पा सुग्रीवला म्हणाले, सणाचा माणूस उपाशी जात नसतो, आधी जेवा, मग न्या. नव्याची पूजाही जेवणानंतरच करू, दुपारचाही मुहूर्त आहेच. सुग्रीव म्हणाला, दोन घास खाऊन निघतो, माझी आणखी दोन ठिकाणं व्हायची आहेत. केदारला कुणी जेवायला बोलावलं नाही. त्यानंही ते धरलं नाही. प्रेसमध्ये तो आणि निळकंठ एवढेच उरले.

पडद्यावर चक्र फिरत होतं. असं मध्येच पडलं की यंत्र आधी आपली अख्खी डिस्क तपासतं, आणि तिथं घाई चालत नाही. सुग्रीवचे दोन घास म्हणजे किती वेळ, याचा अंदाज घेत केदार खुर्चीतून उठत होता, बसत होता. शेवटी यंत्र उघडलं. त्यानं मॅनेजरला विचारलं, काय अवस्था आहे तुझी. उत्तर वाचून त्याच्या पाचावर धारण बसली. जुना कोठीवाला निम्मा निघून गेलेला, नवा निम्माच बसलेला. घडवण्याचं काम रात्रीच पुरं झालं होतं आणि नेमकं जागा बदलतानाच यंत्रानं मान टाकली होती. यादीवर ज्याला सगळे भीत होते तेच झालं होतं.

त्यानं उरलेलं पुढं चालव म्हणून आज्ञा दिली आणि वाट बघू लागला. पडद्यावर एक ओळ आली, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. आतून भांड्यांचे आवाज येत होते. सुग्रीव म्हणत होता, बास, बास. आणि आई म्हणत होती, अहो घ्या की, एवढीशी तर हाय. तुपाची धार, कटाची आमटी, पुन्हा पोळी. सुग्रीव हातांनी ताट झाकत असावा, कारण अप्पा हसले. आग्रह करावा तर या घरानं, हे सगळ्या मोंढ्याला माहीत होतं. तरी आजचा आग्रह जरा जास्तच चालला होता. केदारला ते ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

रुचिका दारात आली. तोंडावर पदर, हसू दाबलेलं.

"आत्याबाई विचारत्यात," ती म्हणाली, "आणखी किती पोळ्या लागतील?"

केदार तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं पडद्याकडं वळून ओळी पाहिल्या आणि कसंबसं म्हणाला, दोन. रुचिका गेली. आतून पुन्हा आईचा आवाज आला, आता कुरडई न्हाई घेतली तर मला राग येईल.

दुसरी पोळी संपत आली असेल तेव्हा घोडं गंगेत न्हालं. नव्या कोठीवाल्यानं जुन्याचं राहिलेलं गोळा केलं, काय आलंय आणि काय यायचंय ते जुळवलं, आणि नीट आपल्या जागी बसला. केदारनं लगेच त्याच्याकडून एक छोटा प्रोग्राम मागवून पाहिला. आला. काढून टाकायला सांगितला. गेला, मागं कचरा न ठेवता. त्यानं फोनची वायर मोडेमला जोडली. सणाच्या दिवशी लाइन मोकळी होती. यादीला लिहिलं, की जुन्या यंत्रावर चालतो, आणि अर्ध्यातच पडला तरी उठून उरलेलं पुरं करतो, माझा होकार. खाली नाव लिहिलं. पाठवल्यावर त्याला आपण ओरडू, नाचू असं वाटलं होतं. तो नुसता बसून राहिला, आणि खुर्चीत स्वस्थ बसलोय हे त्याच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

मग त्यानं मॅक रीतसर बंद केला. सुग्रीव ढेकर देत बाहेर आला तेव्हा त्याला वाकवत नव्हतं, म्हणून केदारनंच मूठ धरून तो जीपमध्ये नेऊन ठेवला आणि खाली जुनी चादर घातली, म्हणजे हादरे बसू नयेत. जीप तेलगावच्या दिशेनं निघून गेली. तो दारातच थोडा वेळ उभा राहिला.

आत पाटावर नवा कॉम्प्युटर मांडला होता, करडा, चौकोनी, अजून कागदात अर्धा गुंडाळलेला. अमरनाथ, अप्पा, रुचिका सगळे भोवती. अप्पांनी या वेळी हाक मारली नाही. ते स्वतः ताट घेऊन आत गेले आणि बायकोला घेऊन आले. माफी मागणं म्हणतात ते या माणसाला एवढंच येत होतं. शांतादेवी पाटासमोर बसली. विभूतीची वाटी पुढं ओढली, बोटं उचलली, आणि तशीच थांबली. तिनं मान वळवून गर्दीत केदारला शोधलं. इतक्या वर्षांत हे विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

"केदार," ती म्हणाली, "बंद हाय का रे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. नवा कॉम्प्युटर तर अजून भिंतीला जोडलाही नव्हता, सगळ्यांना दिसत होतं. तरी केदार पुढं झाला, पाटामागं गुडघ्यावर बसला, वायर ओढून तिचं मोकळं टोक हातात घेतलं आणि आईला दिसेल असं वर धरलं. तिनं ते नीट पाहिलं. मग बोटं वाटीत बुडवली.